दुर्बीण टाळून नुसत्या लघवीवर भागेल का?

एका मुलीने वडिलांबद्दल लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे. इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवण्यात तीस वर्षं गेली, बिडी सुटून जेमतेम पाच वर्षं झाली. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी लघवी कोकम सरबतासारखी लाल झाली. दुखलं नाही, जळजळ नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप स्वच्छ. सोनोग्राफी नॉर्मल आली. युरोलॉजिस्टनी लघवीच्या मार्गातून मूत्राशयात दुर्बीण घालून (सिस्टोस्कोपी) तपासायला सांगितलं आहे आणि वडील ऐकायला तयार नाहीत. मुलीच्या वाचनात आलं की मूत्राशयाचा कॅन्सर आता नुसत्या लघवीवरून कळतो. ती तपासणी निगेटिव्ह आली तर दुर्बीण टाळता येईल का?

नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत टाळता येणार नाही. लघवीची तपासणी करायची असेल तर करा, पण ती दुर्बिणीच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे. खरं तर इथेच थांबता आलं असतं. पण हा प्रश्न ओपीडीत आता आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. लघवी ही त्या पिशवीला आतून धुऊन बाहेर येते, मग उत्तर तिच्यातच का सापडू नये? म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूत्राशयाच्या आतल्या बाजूला पेशींचं पाच-सहा थरांचं अस्तर असतं. त्यातल्या जुन्या पेशी रोज थोड्याथोड्या गळतात आणि लघवीतून निघून जातात. कॅन्सरच्या पेशीही गळतात. त्या ओळखायच्या, ही कल्पना जुनी आहे. गर्भाशयमुखाच्या ‘पॅप’ तपासणीमुळे ज्यांचं नाव घरोघरी पोचलं त्या जॉर्ज पापानिकोलाऊंनी १९४५ मध्येच लघवीतल्या पेशींवरून मूत्रमार्गाच्या कॅन्सरचं निदान करण्याबद्दल लिहिलं होतं. आज आपण ‘युरिन सायटोलॉजी’ म्हणतो ती हीच तपासणी. लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, तळाचा गाळ काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा.

मी शिकत असताना आमच्या पॅथॉलॉजीच्या सरांनी दोन स्लाइड शेजारीशेजारी लावून दाखवल्या होत्या. पहिलीवर आक्रमक म्हणजे हाय-ग्रेड कॅन्सर. पेशीचं केंद्रक इतकं फुगलेलं की भोवतीचा निळसर-हिरवा भाग नावापुरता उरलेला, रंग काळपट, कडा वेड्यावाकड्या. नवशिक्यालाही दिसेल असं. दुसरी स्लाइड आम्हा सगळ्यांना नॉर्मल वाटली. तीही कॅन्सरचीच होती, पण लो-ग्रेड. सर म्हणाले, “चोराने पोलिसाचा गणवेश घातलाय, ओळखणार कसा?” या तपासणीचा सगळा कमकुवतपणा त्या दुसऱ्या काचेवर होता.

हाय-ग्रेड कॅन्सरच्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल असते, त्या भरपूर गळतात आणि दिसतातही विचित्र. लो-ग्रेडच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, कमी गळतात आणि गळल्या तरी साध्या पेशींसारख्याच दिसतात. म्हणून सायटोलॉजी हाय-ग्रेड रोग बऱ्यापैकी पकडते आणि लो-ग्रेड बहुतेक वेळा सोडून देते. मात्र ‘पॉझिटिव्ह’ असा स्पष्ट रिपोर्ट आला तर तो सहसा खोटा नसतो. निगेटिव्हने तसा दिलासा मिळत नाही. २०१६ मध्ये ‘पॅरिस पद्धत’ नावाची रिपोर्टिंगची जी नवी चौकट छापली गेली, तिने हे प्रामाणिकपणे मान्यच केलं. आता चांगली लॅब नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहीत नाही, ‘हाय-ग्रेड कॅन्सरसाठी निगेटिव्ह’ असं लिहिते. ते मधले दोन-तीन शब्द वाचायचे राहून जातात आणि घरी पेढे वाटले जातात.

रिपोर्टमध्ये ‘एटिपिकल’ हा शब्द दिसला की लोकांची झोप उडते, त्याबद्दल इथेच सांगून टाकतो. त्याचा अर्थ पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, एवढाच. मुतखडा, जंतुसंसर्ग, नुकताच घातलेला कॅथेटर, मूत्राशयाच्या कॅन्सरवर उपचार म्हणून पिशवीत सोडलेले बीसीजीचे डोस, यांपैकी कशानेही तसं होऊ शकतं. तो कॅन्सर नव्हे आणि ‘काही नाही’ असंही नव्हे.

नमुना कसा दिला यावर निम्मा रिपोर्ट ठरतो, आणि हे लॅबच्या खिडकीवर क्वचितच कुणी सांगतं. गरोदरपणाच्या तपासणीसाठी सकाळची पहिली लघवी मागतात, म्हणून लोक यालाही तीच आणतात. सायटोलॉजीसाठी ती चालत नाही. रात्रभर लघवीत भिजून पेशी सडतात, फुगतात, काही ओळखू येत नाही. पहिली लघवी सोडून द्यायची, दोन पेले पाणी प्यायचं, थोडं फिरायचं आणि दुसऱ्या वेळची द्यायची. लगेच लॅबमध्ये पोचवायची. डब्यात घालून एसटीने तालुक्याहून जिल्ह्याला नेलेल्या नमुन्याचा उपयोग नाही, तसं करायचं असेल तर लॅबकडून पेशी टिकवणारं द्रावण घातलेली बाटली आधी आणावी लागते. एका नमुन्याऐवजी तीन वेगवेगळ्या दिवशी तीन दिले तर सापडण्याची शक्यता वाढते.

आता नव्या तपासण्या. तुम्ही वाचलंत ते बहुधा यांच्याबद्दल असावं.

पहिली पिढी प्रथिनं शोधणाऱ्यांची. ‘एनएमपी-२२’ ही पेशीच्या केंद्रकातलं एक प्रथिन मोजते. तिचं एक रूप तर गर्भचाचणीच्या पट्टीसारखं आहे, चार थेंब टाकायचे आणि अर्ध्या तासात रेघ उमटते का बघायचं. ‘बीटीए’ नावाची दुसरी. तिची गंमत अशी की ती जे प्रथिन शोधते त्याचं जवळचं भावंड आपल्या रक्तातच फिरत असतं. म्हणजे लघवीत रक्त असेल तर ती कॅन्सर नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि आपल्याकडे येणाऱ्या माणसाची तक्रार काय? लघवीतून रक्त! या दोन्ही तपासण्या मुतखडा आणि जंतुसंसर्ग असला तरी खोटी घंटा वाजवतात. मी त्या सांगत नाही.

दुसरी पिढी गुणसूत्रांची. ‘युरोव्हिजन’ नावाने येणारी ‘फिश’ तपासणी. यात लघवीतल्या पेशींना चमकणारे चार रंगीत टिळे लावतात. तीन टिळे गुणसूत्र क्रमांक ३, ७ आणि १७ साठी, चौथा क्रमांक ९ वरच्या एका ठराविक जागेसाठी. नॉर्मल पेशीत प्रत्येक रंगाचे दोन ठिपके दिसायला हवेत. कॅन्सरच्या पेशीत पहिल्या तीन रंगांचे तीन-चार-पाच ठिपके दिसतात, नाहीतर चौथा रंग गायब असतो. अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली ते दृश्य एकदा बघण्यासारखं आहे. सायटोलॉजीचा रिपोर्ट ‘एटिपिकल’वर अडकला, किंवा बीसीजी घेतल्यावर पेशी इतक्या सुजल्या की पॅथॉलॉजिस्टलाच खात्री वाटेना, तेव्हा फिश खरोखर कामाला येते. खर्च हजारांत जातो आणि गावोगावी ती होत नाही, नमुना मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जातो.

तिसरी पिढी जनुकांची. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेली ‘सीएक्सब्लॅडर’ लघवीतल्या पाच जनुकांचा आरएनए मोजते. ‘एक्सपर्ट ब्लॅडर’ हीसुद्धा पाच आरएनए मोजते. तिचं यंत्र तेच, ज्यावर आपल्याकडे क्षयाच्या थुंकीची जीन-एक्सपर्ट तपासणी होते, नमुना घालायची कार्ट्रिज फक्त वेगळी. ‘ब्लॅडर एपिचेक’ डीएनएवरच्या मिथाइल खुणा बघते, एकूण १५ ठिकाणी. कॅन्सरमध्ये काही जनुकांवर अशा खुणांचं कुलूप पडतं, ते ती शोधते. शिवाय टर्ट आणि एफजीएफआर-३ या जनुकांतले बदल शोधण्यावर बरंच काम चालू आहे. इराणच्या गोलेस्तान प्रांतात हजारो लोकांच्या लघवीचे नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवले होते. २०२० मध्ये संशोधकांनी ते पुन्हा काढून बघितले. ज्यांना पुढे मूत्राशयाचा कॅन्सर झाला, त्यांच्यापैकी काहींच्या लघवीत टर्टमधला बदल निदानाच्या दहा वर्षं आधीपासून दिसत होता. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो होतो, ते कबूल करतो.

मग इतकं सगळं असताना मी तुम्हाला नाही का म्हणतोय? कारण तपासणी चांगली की वाईट यापेक्षा ती कुणावर करतोय यावर उत्तर ठरतं. हिशेब करून दाखवतो. आकडे सोपे घेतले आहेत, नुसते समजण्यासाठी.

समजा तुमच्या वडिलांसारखे १०० पुरुष आहेत. वय साठीच्या पुढे, धूम्रपान केलेलं, डोळ्यांना दिसेल असं रक्त गेलेलं. त्यांच्यातल्या १५ जणांना कॅन्सर आहे असं धरू, ही अतिशयोक्ती नाही. तपासणी चारातले तीन पकडते असं धरू, म्हणजे ११ सापडले. उरलेले चौघं ‘निगेटिव्ह’चा कागद खिशात घालून घरी गेले. त्यांना आता दुर्बिणीला कोण तयार करणार? पुढच्या वेळी रक्त दिसलं तरी ते म्हणणार, मागे भारीतली तपासणी केली होती, काही निघालं नव्हतं, उन्हाळे लागले असतील, धने-जिऱ्याचं पाणी पितो.

असे एक काका माझ्याकडे आले होते. त्यांनी कुठल्याशा पॅकेजमध्ये लघवीची कॅन्सर मार्कर तपासणी करून घेतली होती, रिपोर्ट स्वच्छ, लॅमिनेट करून आणला होता. रक्त अधूनमधून जातच होतं. आठ महिन्यांनी गुठळ्या अडकून लघवी बंद झाली तेव्हा आले. गाठ स्नायूपर्यंत गेली होती. आठ महिन्यांपूर्वी ती किती होती हे मला सांगता येणार नाही, पण तो लॅमिनेट केलेला कागद मी विसरलेलो नाही.

आता उलटं टोक. सोसायटीत शिबिर लावलं, तक्रार नसलेल्या १०,००० लोकांची लघवी तपासली. त्यांच्यात कॅन्सर असलेले समजा पाच. तपासणी नॉर्मल माणसाला ९० टक्के वेळा बरोबर ओळखते असं धरलं, तरी सुमारे हजार निरोगी माणसं पॉझिटिव्ह येतात. पाचांसाठी हजारांना घाबरवायचं, सीटी स्कॅन करायचे, दुर्बिणी घालायच्या. म्हणूनच तक्रार नसलेल्या सर्वसामान्य माणसांची अशी चाळणी करावी असं कुठलीही मोठी वैद्यकीय संस्था आज सांगत नाही. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात कुणी हे घालून देत असेल तर ते पैसे तुम्ही वाचवा.

या दोन टोकांच्या मधे मात्र एक जागा आहे, आणि तिथे चित्र बदलतंय. रक्त डोळ्यांना कधीच दिसलं नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली दर क्षेत्रात तीन किंवा जास्त लाल पेशी दिसल्या, अशी माणसं पुष्कळ असतात, आणि बहुतेकांना कॅन्सर नसतो. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने आपली मार्गदर्शक तत्त्वं २०२५ मध्ये सुधारली. मध्यम धोक्याच्या गटातला माणूस दुर्बीण नको म्हणत असेल तर त्याला सगळं समजावून सांगून सायटोलॉजी किंवा सिद्ध झालेली मार्कर तपासणी देता येईल, आणि ती निगेटिव्ह आली तर दुर्बीण न करता वर्षभरात लघवी पुन्हा तपासावी, असं त्यात आलं. हा मोठा बदल आहे. पण ज्याला एकदा जरी डोळ्यांना दिसेल असं रक्त गेलं, किंवा साठीच्या पुढचा पुरुष, किंवा खूप वर्षं भरपूर ओढलेली, तो उच्च धोक्याच्या गटात जातो आणि त्याला ही सवलत नाही. तुमच्या वडिलांकडे त्यातल्या दोन गोष्टी तर नक्कीच आहेत. तिसरीचा हिशेब रोजच्या बिड्या मोजून करावा लागेल.

शिवाय रंगाचं काम, तेही वेगळं धरा. १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन सर्जनने फ्रँकफर्टजवळच्या रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दिसतात असं पहिल्यांदा मांडलं. पुढे दोषी ठरले ते बेन्झिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमिन. हे पदार्थ श्वासातून, कातडीतून आत जातात, मूत्रपिंडातून गाळले जातात आणि लघवीत तासन् तास अस्तराला चिकटून बसतात. बिडी-सिगारेटच्या धुरातही याच घराण्यातली रसायनं असतात. आपल्याकडे बेन्झिडीनवर आधारित रंगांवर १९९० च्या दशकात बंदी आली. पण या रोगाला उगवायला वीस-तीस वर्षं लागतात, त्यामुळे त्याआधी रंगात हात घातलेले लोक आज साठी-सत्तरीत आमच्यासमोर येत आहेत. मुंबईच्या गिरणीत रंगखात्यात होतो, असं कुणी आजोबा सहज बोलून गेले की मी पेन खाली ठेवून नीट ऐकतो.

“रक्त आपोआप थांबलं” यावर तुम्ही दोनदा लिहिलं आहे, म्हणून सांगतो. थांबणं हा या रोगाचा स्वभाव आहे. गाठ समुद्रातल्या शेवाळासारखी देठावर डुलत असते, तिचं एखादं टोक तुटतं, रक्त येतं, भरून येतं. पुढचा झटका आठ दिवसांनी येईल नाहीतर सहा महिन्यांनी. मधल्या काळात घेतलेलं औषध, काढा, गोळी, जे काही असेल त्याला श्रेय मिळतं. बायकांच्या बाबतीत तर हे फार होतं. रक्त गेलं की जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिकचा कोर्स, मग दुसरा, मग तिसरा. कल्चरमध्ये जंतू उगवले का हे कुणी बघतच नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी ‘त्यामुळेच झालं’ म्हणून सोडून देता येत नाही. गोळी रक्त वाहतं ठेवते, पण वाहायला जागा कुठून मिळाली हे शोधावंच लागतं.

सोनोग्राफी नॉर्मल असण्याबद्दल: पिशवी पूर्ण भरलेली नसेल, गाठ पाच मिलिमीटरची असेल किंवा अस्तरावर सपाट पसरलेली असेल, तर सोनोग्राफीत दिसत नाही. हा सपाट प्रकार, ज्याला ‘कार्सिनोमा इन सिटू’ म्हणतात, कधीकधी साध्या प्रकाशातल्या दुर्बिणीलाही चकवतो, नुसता मखमली लालसर डाग दिसतो किंवा तोही नाही. आणि नेमका हाच प्रकार हाय-ग्रेड असतो, भरपूर पेशी गाळतो. इथे लघवीची तपासणी दुर्बिणीवर मात करते. दुर्बिणीत काही दिसलं नाही आणि सायटोलॉजी पॉझिटिव्ह, असं झालं तर आम्ही रिपोर्टला खोटं ठरवत नाही. वरचा मूत्रमार्ग सीटीवर बघतो, पुरुषांत प्रोस्टेटमधून जाणारी नळी बघतो, अस्तराचे तुकडे घेतो, सोय असेल तिथे निळ्या प्रकाशाची दुर्बीण वापरतो. वडिलांची सायटोलॉजी करा असं मी सुरुवातीला म्हणालो ते यासाठी.

आणि या तपासण्यांचं खरं घर आहे ते आधीच कॅन्सर होऊन गेलेल्यांचं. हा रोग परत परत उगवतो. उच्च धोक्याच्या रुग्णाला पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बीण, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. माणूस कंटाळतो, लांबवतो, एक दिवस यायचा बंद होतो. लो-ग्रेड, कमी धोक्याच्या रुग्णाला इतक्या वेळा लागत नाही, तरी पाच वर्षं पाठपुरावा असतो. इथे लघवीवर लक्ष ठेवून मधल्या काही दुर्बिणी गाळता येतील का, हे पाहणारे अभ्यास सध्या सगळ्यात आशादायक आहेत. कारण लो-ग्रेडची एखादी इवलीशी गाठ तीन महिने उशिरा कळली तर फारसं बिघडत नाही, हाय-ग्रेड सुटता कामा नये, आणि नव्या तपासण्या हाय-ग्रेड क्वचितच सोडतात. कधी असंही होतं की मार्कर पॉझिटिव्ह, दुर्बीण स्वच्छ, आणि काही महिन्यांनी त्याच माणसाला गाठ दिसते. तपासणी खोटी नव्हती, आपल्या डोळ्यांच्या पुढे धावत होती.

आता वडिलांना काय सांगायचं. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा पूर्वीची लोखंडी, सरळ दुर्बीण आहे, कुणीतरी मित्राने वर्णन केलेली. तुमच्या डॉक्टरांना विचारा, लवचिक दुर्बीण आहे का. ती साधारण पाच मिलिमीटर जाडीची, वळणारी असते. आधी बधिर करणारी जेली लघवीच्या मार्गात सोडतात आणि पाच-दहा मिनिटं थांबतात. ती थांबण्याची मिनिटं घाईत गाळली जातात आणि मग दुखतं, तेव्हा “डॉक्टर, जेली सोडून पुरेसा वेळ झाला ना?” असं खुशाल विचारा. प्रोस्टेटपाशी दुर्बीण येते तो क्षण सगळ्यात नकोसा. तिथे लघवी करायचा प्रयत्न केल्यासारखं अंग सैल सोडायचं, आणि मोठा श्वास. प्रत्यक्ष बघणं चार-पाच मिनिटांचं. माझ्याकडे मी पडदा रुग्णाच्या बाजूला वळवतो. आपल्याच पिशवीचं आतलं गुलाबी अस्तर आणि मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन छिद्रांतून उडणारी लघवीची पिचकारी बघण्यात लोक इतके गुंगतात की दुखायचं विसरतात.

जेलीवर होणार असेल तर उपाशीपोटी यावं लागत नाही. सरळ दुर्बीण कमरेत भूल देऊन करणार असतील तर उपाशी राहावं लागेल, ते आधी विचारून घ्या. जंतुसंसर्ग आहे का हे बघायला लघवीची साधी तपासणी आणि कल्चर आधी करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, सांगा. सोनोग्राफीची फिल्म घेऊन या, नुसता कागद नको. नंतर एक-दोन दिवस जळजळेल, लघवी किंचित गुलाबी होईल, पाणी भरपूर प्यायचं. ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी परत यायचं. आणि सायटोलॉजीचा नमुना दुर्बिणीच्या आधीच द्या, नंतर दिलात तर खरवडलेल्या पेशींचे पुंजके दिसून पॅथॉलॉजिस्टचा गोंधळ उडतो.